कोपराचा कोन

माझा उजवा हात कोपरात वाकत नाही आणि सरळही होत नाही. काटकोनाच्या थोडा पुढे, एका जागी तो थांबला आहे. याला आता बारा वर्षं झाली. मद्रासमधल्या ओळखीच्या घरांतून कुणाच्या हाताला असा अपघात झाला की, "त्या गणिताच्या बाईंना विचारा," असा निरोप येतो. मी जाते, सांगते. दर वेळी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा लिहून ठेवत आहे. वैद्यकातलं मला फार कळत नाही. माझं काय झालं आणि मी काय केलं, एवढंच यात आहे.

रविवारची बस

नवे पैसे अजून आले नव्हते, त्या वेळची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची होते. माहेर साताऱ्याचं. यांची नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीत, त्यामुळे लग्नानंतर मद्रासला आले आणि नुंगंबाक्कमच्या एका शाळेत गणित शिकवू लागले. शुभा, आमची मुलगी, पाच वर्षांची होती.

त्या रविवारी अड्यारला यांच्या एका सहकाऱ्याकडे जेवायला गेलो होतो. परतताना बसमध्ये उजवीकडचं बाक मिळालं. खिडकीशी मी, माझ्या शेजारी हे, यांच्या मांडीवर शुभा. शुभाला खिडकीशी बसायचं होतं. ऊन लागेल म्हणून मी तिला बसू दिलं नाही.

मद्रासच्या बसमध्ये कंडक्टर अधूनमधून "कै उळ्ळे, कै उळ्ळे" असं ओरडतो. हात आत घ्या, असा त्याचा अर्थ. आधीच्या थांब्यावर तो ओरडला तेव्हा मी हात आत घेतला होता. बस सुटली, वारा आला, आणि कोपर पुन्हा खिडकीच्या कडेवर गेलं. फार बाहेर नव्हतं. चार बोटं असेल.

समोरून लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेली लॉरी आली आणि आमच्या बसला घासून गेली. आधी आवाज ऐकू आला, मग दिसलं. दुखलं नाही. हात माझ्या मांडीवर होता, पण मी ठेवला नव्हता. बांगड्या फुटून आत रुतल्या होत्या. शुभाच्या फ्रॉकवर रक्त दिसलं, तेव्हा तिलाच लागलं असं वाटून मी ओरडले. तिला काहीही झालं नव्हतं.

यांनी माझ्या पदरानं दंड आवळून बांधला. त्यानंतरचं मला आठवत नाही.

वॉर्ड

शुद्धीवर आले तेव्हा पहिली गोष्ट पाहिली ती ही की हात आहे. तो नसेल असं आधी ठरलं होतं, हे मला आठवड्यानं कळलं. यांच्याकडून हात काढण्याच्या कागदावर सही घेतली होती. शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांना बोटं कोमट लागली, म्हणून त्यांनी एक दिवस वाट पाहिली. त्या एका दिवसावर हात राहिला.

मोठ्या सरकारी इस्पितळातल्या बायकांच्या वॉर्डात मी साडेचार महिने होते. पहाटे पाचला नर्स तापमान घ्यायची. मग झाडू, मग फिनेलचा वास, मग कॉफी. दिवसातून कितीदा तरी पेनिसिलिनची सुई. जखम चिघळली होती आणि तिच्यातून हिरव्या काचेचे बारीक तुकडे निघत राहिले. नर्स चिमट्यानं काढून कापसावर ठेवायची आणि मला दाखवायची. बघायचं की नाही, हे मी रोज नव्यानं ठरवायची.

तोवर माझं तमिळ भाजीबाजारापुरतं होतं. वॉर्डात नवे शब्द शिकले. वलि म्हणजे दुखणं. नाळैक्कु म्हणजे उद्या. टाके कधी काढणार, प्लास्टर कधी बदलणार, घरी कधी सोडणार, सगळ्याला नाळैक्कु.

घरमालकीण कावेरीबाई एक दिवसाआड रसम-भात घेऊन यायच्या. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या जे मराठी बोललं जातं ते आपल्याला पोथीतलं वाटेल असं, आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर जाणारा. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांच्या बोलण्याला मनातल्या मनात हसले होते. वॉर्डात त्या माझ्या कपाळावर हात ठेवून, "भिऊं नको, लेंकी," म्हणायच्या, तेव्हा हसू आलं नाही. त्याच मला भरवायच्या.

सगळ्यांचा एकच प्रश्न

भेटायला येणारा प्रत्येक जण थोडा वेळ बसायचा आणि मग विचारायचा, "पण हात बाहेर कशाला काढलात?"

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं. यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं. मिरजेहून सासूबाई आल्या, त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं. पोलिसांनी जबाब घेताना विचारलं ते ठीकच होतं.

सुरुवातीला मी म्हणायची, "उकडत होतं." मग म्हणू लागले, "बाहेर नव्हताच, कडेवर होता." मग एकदा, "मला माहीत नाही." काही उत्तर दिलं तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर एक समाधान यायचं. त्यानं स्वतः कधी हात बाहेर काढला नव्हता, म्हणजे त्याला असं होणार नव्हतं.

हे एकच असे होते ज्यांनी विचारलं नाही. रोज संध्याकाळी कचेरीतून परस्पर यायचे, स्टुलावर बसायचे, शुभा काय म्हणाली ते सांगायचे. पण नजर माझ्या प्लास्टरवरून भिंतीकडे जायची. मी धरून चालले की हे मला दोष देत आहेत आणि सभ्यपणामुळे बोलत नाहीत.

असं काही झालेल्या माणसाकडे कुणी भेटायला जाणार असेल, तर हा प्रश्न दाराबाहेर ठेवून जावा, एवढं मी इथे लिहून ठेवते.

डॉक्टरांनी विचारलं

चौथ्या महिन्यात मोठे डॉक्टर माझा फोटो, म्हणजे हाडांचा फोटो, घेऊन खाटेशी आले. वयस्क, बारीक, इंग्रजीत हळू बोलणारे. हे त्या वेळी तिथे होते.

"कोपराचा सांधा उरलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "हाडं एकमेकांना जुळून जातील. त्यानंतर हात तिथे हलणार नाही. कोणत्या कोनात जुळवायची, एवढं आपल्या हातात आहे. तुम्ही सांगा."

हे लगेच म्हणाले, "जेवता आलं पाहिजे. तोंडापर्यंत हात गेला पाहिजे."

"मी त्यांना विचारतोय," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमचा हात दिवसभर काय काय करतो?"

हात काय करतो याचा हिशोब मी कधी केला नव्हता. मी म्हटलं, "मी गणित शिकवते."

"मग तुम्हाला कोन समजावून सांगायला नको," ते म्हणाले. "लघुकोन ठेवला तर घास तोंडात जाईल. हात पुढे मात्र जाणार नाही. काटकोनाच्या पुढे ठेवला तर टेबलावर, फळ्यावर लिहाल, पण तोंडापर्यंत पोचणार नाही. दोन्ही मिळणार नाही. घाई करू नका. दोन्ही घालून बघा."

त्यांनी प्लास्टरच्या दोन अर्धगोल खोबणी करवून घेतल्या. आधी एक तीन दिवस, मग दुसरी तीन दिवस. हात तीत ठेवून पट्ट्यांनी बांधायचा.

पहिल्या तीन दिवसांत मी स्वतःच्या हातानं दहीभात खाल्ला. चार महिन्यांनी. केसांतली पिन काढली, कपाळाला कुंकू लावलं, नाक पुसलं. सासूबाई पाहत होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "हाच ठेव गं. बाईमाणसाला आणि काय लागतं?" पण हात सारखा खांद्याशी राहायचा, कुणाला शपथ घ्यायला उभं केल्यासारखा. मांडीवरचं पुस्तक उघडता येत नव्हतं. भिंतीशी उभी राहिले तर खडू धरलेली बोटं माझ्याच गालापाशी.

दुसऱ्या खोबणीत हात पुढे गेला. नर्सकडून मुलांच्या वॉर्डातली पाटी मागवली, ती खिडकीत उभी केली, आणि खांद्यातून हात फिरवून वर्तुळ काढलं. पहिलं बटाट्यासारखं आलं. विसाव्याला वर्तुळ म्हणता येईल असं आलं. जेवण आलं तेव्हा घास हवेतच थांबला. तोंड वीतभर लांब. मान खाली घातली तरी लांबच. कुंकू डाव्या हातानं लावलं, ते वाकडं लागलं. सासूबाईंनी मान फिरवली.

सातव्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं, "दुसरा."

कारण विचारलं तेव्हा म्हटलं, डाव्या हातानं जेवायला शिकता येईल, डाव्या हातानं फळ्यावर वर्तुळ काढायला येणार नाही. हे खरं होतं. याखेरीज आणखी एक कारण होतं, ते सांगितलं नाही. मुख्याध्यापिकांनी जूनपर्यंत माझी जागा धरून ठेवली होती. ती गेली असती तर मी घरी बसले असते, ज्या हातानं नीट जेवता येतं असा हात घेऊन. त्याची मला भीती वाटत होती.

हे म्हणाले, "तू ठरवलंस ते ठीक." आणि भिंतीकडे पाहिलं.

डावा हात

घरी आल्यावर डाव्या हाताचं प्रकरण मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. हात शिकतो. दोन महिन्यांत मी भात कालवायला शिकले. घरातली माणसं शिकत नाहीत.

सासूबाई वाईट नव्हत्या. चार महिने त्यांनी परक्या गावात, भाषा येत नसताना, माझं घर आणि माझी मुलगी सांभाळली होती. पण डाव्या हातानं जेवणारी सून समोर बसली की त्यांचा घास खाली उतरत नसे. त्या पाणी प्यायच्या, उठायच्या. मी मग सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवू लागले.

एका दुपारी शुभा बाहेर आजीसमोर जेवायला बसली होती. चट असा आवाज आला आणि पाठोपाठ तिचं रडणं. मी बाहेर गेले. ती डाव्या हातानं जेवत होती आणि सासूबाईंनी त्या हातावर मारलं होतं.

"आई जेवते तशी जेवत होते," शुभा म्हणाली.

"बघितलंस?" सासूबाई मला म्हणाल्या. "मुलीला वळण लागतंय. उद्या हिला कोण करून घेणार?"

"तिला सांगा की आईचा हात मोडलाय," मी म्हटलं. "मारू नका."

"मी काय हौसेनं मारते?"

मी शुभाला जवळ घेतलं आणि तिचा उजवा हात धरून घास घेतला. तिनं तो खाल्ला.

त्या संध्याकाळी यांना कुणी सांगितलं माहीत नाही. शुभानंच सांगितलं असेल. हे आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात आले आणि माझ्याशेजारी, भिंतीकडे तोंड करून बसले. दोघं जेवत होतो. मध्येच म्हणाले, "लॉरी मला दिसली होती."

मी त्यांच्याकडे वळले.

"तुझा हातही दिसला होता. 'हात' म्हणायचं, एवढंच होतं. तोंडातून आलं नाही."

"मग?"

"मग काय. आलं नाही."

अकरा महिने मी समजत होते की हे मला दोष देतात. आणि अकरा महिने हे त्या एका शब्दापाशी बसून होते. आता लिहिताना मला त्यांची दया येते. त्या वेळी राग आला. चार-पाच दिवस होता. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. मग तो ओसरला, कधी ते लक्षात आलं नाही. त्या रात्री मी एवढंच म्हटलं, "भात वाढू?" आणि डाव्या हातानं वाढला.

पुढच्या महिन्यात सासूबाईंनी भांड्यांना कल्हई लावणाऱ्याकडून एका चमच्याला हातभर लांब, वळवलेला दांडा जोडून आणला. भाषा येत नसताना त्याला काय हवंय हे कसं समजावलं, त्यांचं त्यांना ठाऊक. "बघ," म्हणाल्या, "उजव्या हातानं जेवता येईल." येत होतं. अर्धा घास पातळावर सांडत होता. त्या मिरजेला परत जाईपर्यंत मी तसंच जेवले. गेल्यावर चमचा फळीवर ठेवला. पुढच्या वर्षी आल्या तेव्हा तो फळीवर पाहिला, आणि माझं पान सगळ्यांबरोबर मांडलं.

जे उरतं

शाळा जूनमध्ये सुरू झाली. पहिल्या दिवशी मुली हाताकडे बघत होत्या. मी फळ्यावर विशालकोन काढला आणि शेजारी हात धरून दाखवला. हसल्या. त्यानंतर कुणी फारसं बघितलं नाही.

हाड जुळलं म्हणजे संपलं असं डॉक्टरही समजतात. संपत नाही. जे काम दोन सांधे करायचे ते एकटा खांदा करतो, आणि सहा-सात वर्षांनी खांदा तक्रार करू लागतो. आता फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात नेला की आत काहीतरी घासतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं बधिर आहे. चटका बसला की कळत नाही, वासानं कळतं. इथे पाऊस कार्तिकात पडतो, तेव्हा कोपर ठणकतं. साताऱ्याची थंडी त्याला सोसत नाही, म्हणून मी माहेरी मे महिन्यातच जाते.

बसनं मी वर्षभर गेले नाही. शाळेत चालत जायची. मग एक दिवस उशीर झाला म्हणून चढले. आजही डावीकडचं, आतलं बाक बघते. गर्दीत माझं कोपर लोकांच्या बरगड्यांत रुततं आणि ते रागानं वळतात. पूर्वी मी सगळं सांगत बसायची. आता फक्त "मन्निच्चिडुंगो" म्हणते, माफ करा, आणि उतरते.

अंबत्तूरचा माणूस

गेल्या वर्षी त्याच इस्पितळातून निरोप आला. माझे डॉक्टर निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरांनी माझे जुने कागद वाचले होते. अंबत्तूरच्या नव्या वसाहतीत एका कारखान्यात लेथवर काम करणारा षण्मुगम नावाचा माणूस, चाळिशीचा, बसच्या खिडकीत कोपर, तेच. कोन ठरवायचा होता आणि तो काही बोलत नव्हता.

मी गेले. त्याची बायको डबा घेऊन आलेली होती आणि त्याला भरवायच्या बेतात होती. मला बघून थांबली.

मी त्याला हात बाहेर का काढला ते विचारलं नाही. डॉक्टरांनी मला विचारलं होतं ते विचारलं, "तुमचा हात दिवसभर काय काय करतो?"

"लेथ चालवायचा," तो म्हणाला. "ते आता कोणत्याच कोनात जमणार नाही. माझ्या जागी दुसरा माणूस घेतलाय."

म्हणजे मला जे होतं, जूनपर्यंत धरून ठेवलेली एक जागा, ते त्याला नव्हतं. मी घरून जे बोलायचं ठरवून आले होते ते सगळं निकामी झालं.

मग त्यानं विचारलं, "टीचर, तुम्हाला पस्तावा होतो का?"

हे मला याआधी कुणी विचारलं नव्हतं. मी विचार करून खरं ते सांगितलं. "लग्नाच्या पंगतीत बसले की होतो. फळ्यासमोर होत नाही."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "दाखवा बघू."

मी पदर सरकवून हात पुढे केला. त्यानं डाव्या हाताच्या अंगठ्यानं कोपराची कड दाबत दाबत, वरपासून खालपर्यंत चाचपली. व्रणाशी थांबला, पलीकडून पुन्हा आला. नवीन भाग हातात आल्यावर कारागीर बघतो तसं.

"जोड चांगला बसलाय," तो म्हणाला. "कुठे उंचसखल नाही."

इतक्या वर्षांत या हाताचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला हसू आलं आणि तोही हसला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "जेवता येईल असाच ठेवायला सांगू. कामाचं डाव्या हाताला शिकवीन."

माझ्या नेमकं उलट. मी म्हटलं, "बरोबर आहे," आणि तसंच वाटत होतं.

निघाले तर त्याच्या बायकोनं अडवलं. डब्याचं झाकण माझ्यापुढे ठेवलं, त्यावर दोन इडल्या आणि चटणी घातली. नको म्हणता आलं नाही. हाडं जुळून प्लास्टर निघेपर्यंत आणखी तीन महिने षण्मुगमला डाव्या हातानंच भागवायचं होतं, आणि आजवर बायको भरवत होती. मी डाव्या हातानं इडलीचा तुकडा मोडला. षण्मुगम उशीवरून जरा वर सरकला आणि माझ्या बोटांकडे बघू लागला. अंगठा कुठे दाबतो, तुकडा कसा फिरतो. त्याची बायकोही बघत होती.

मी सावकाश खाल्लं, त्याला नीट दिसावं म्हणून. दुसरी इडली घेतली तेव्हा त्यानं बायकोकडे डबा मागितला.